बर्फमावशीची लय

बर्फमावशी चिडली की आधी तिचे पाय चिडायचे, बोलणं मागाहून. अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्रीत मशीन रेंगाळलं की तिची टाच फरशीवर आपटू लागे, पण चुकूनही लय सोडत नसे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ती जर्मनीची, बर्फावर जोडीनं नाचणारी स्पर्धक. चांगला कोच मिळाला म्हणून जोडीदाराबरोबर इकडे आलेली. 'बर्फमावशी' हे नाव माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं ठेवलं.

नागपूरला असताना मी तबला शिकलो होतो. लाँड्रीत एकदा तिच्या टाचेबरोबर मी साबणाच्या डब्यावर ठेका धरला. ती गर्रकन वळली. "तू मोजतोस!" तेव्हापासून तिच्या नाचाचं संगीत ठरलेल्या लयीत बसवून कॅसेटवर उतरवायचं काम माझं झालं.

तिला 'ऑलमोस्ट' हा शब्द खपत नसे. माझी बायको एकदा म्हणाली, "पोहे ऑलमोस्ट झालेत." "म्हणजे नाही झालेत," असं म्हणून ती चक्क निघून गेली. दहा मिनिटांनी येऊन दोन प्लेटा खाल्ल्या. बायको मला म्हणाली, "अहो, ही शेजारीण आहे की सासू?"

जोडीदार उंच, गोडबोल्या. चूक झाली की तो आधी बर्फाकडे बघायचा, मग तिच्याकडे. "तू घाई करतेस," एवढंच म्हणायचा. मला त्याचा संताप यायचा, आजही येतो. पण त्या संतापाच्या आड मी फार वर्षं लपलो.

जर्मनीतल्या निवडस्पर्धेसाठी तिला नवी कॅसेट हवी होती; जुनी घासली होती. माझा कॅसेट-डेक किंचित वेगानं फिरायचा. त्यावर भरलेली कॅसेट दुसरीकडे संथ वाजायची. हे मला ठाऊक होतं, म्हणून दरवेळी मी तिच्या सरावाच्या बर्फाच्या रिंकवरच्या डेकवर घड्याळ लावून तपासायचो आणि वेग जुळेपर्यंत पुन्हा भरायचो. त्या शनिवारी बेलव्ह्यूला मित्राकडे पत्त्यांचा डाव होता. मी गेलोच नाही तपासायला.

"चेक केलंस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

सरावाला तिनं जुनीच वापरली, नवी स्पर्धेसाठी जपून ठेवली. स्पर्धेत संगीत संथ वाजलं. तो संगीताच्या मागे गेला, ती पायांत मुरलेल्या लयीत. दोघांच्या स्केटची पाती अडकली, दोघं आडवे झाले, निवड हुकली. "तू घाई करतेस," तो या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला.

परतल्यावर ती बॅगेसकट माझ्या दारात उभी राहिली. "संगीत संथ होतं. कुणी मानत नाही. तू ऐक. तुझ्या कानावर माझा विश्वास आहे."

मी कॅसेट माझ्याच डेकवर लावली. तिथे ती बरोबरच वाजणार होती. बायको मराठीत म्हणाली, "अहो, दुसरीकडे लावून बघा ना..." मी डोळे वटारले. घड्याळ बर्फमावशीच्या हातात दिलं. तिनं मोजलं. पुन्हा मोजलं.

"मग माझेच पाय चुकले," ती म्हणाली.

महिनाभरात जोडीदारानं दुसरी जोडीदारीण शोधली. या नाचात एकट्या माणसाला जागा नसते. आणि आपल्या पायांवरचा भरवसा गेलेली बाई दुसऱ्या कुणाचा हात कशी मागणार? सव्विसाव्या वर्षी तिनं स्पर्धा सोडली आणि घरी परत गेली. मी तिला विमानतळावर सोडायला गेलो, तिची बॅगही उचलली, आणि गप्प राहिलो. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

चार वर्षांनी पत्र लिहून सगळं कबूल केलं. उत्तर आलं, त्यात नमस्कार नव्हता. "चार वर्षं मी माझ्या पायांचा द्वेष केला. आता रडायला माझा खांदा मागू नकोस. मला कशाला सांगतोस? त्याला लिही. रिंकवर लाव, सगळे वाचतील तिथे."

त्याला लिहिलं. उत्तर नाही. मग तेच एका कागदावर लिहून रिंकवर गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नाव वाचून विचारलं, "हू इज शी?" तिला ओळखणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. मी कागद बोर्डावर टाचला. स्केट भाड्यानं घेणाऱ्यांची रांग त्याच्यासमोरून सरकत राहिली, एकही मान वळली नाही. शेवटी मी एका अनोळखी माणसाचा दंड धरला आणि म्हणालो, "एक मिनिट थांबा. तिचे पाय बरोबर होते."