जमुताईंचा हात

नवा नमुना आला की जमुताई आधी फोटोवर क्रोशाची सुई टेकवून एकेक टाका मोजायच्या. खालच्या इंग्रजीकडे त्या बघतही नसत. "लिहिणारा चुकेल बेन, फोटो कशाला चुकेल?" असं म्हणायच्या. नरपडला त्यांची चिकूची वाडी होती. दुपारची कामं उरकली की डहाणूला माझ्या घरी आम्ही सहाजणी विणायला बसायचो, त्यात वयानं थोरल्या त्याच.

दोरा त्या डाव्या करंगळीला दोन वेढे देऊन धरायच्या. टाके इतके एकसारखे पडत, की पहिली ओळ कुठली आणि शेवटची कुठली ते कळू नये. "दोरा रडला नाय पायजे, नि हसला पण नाय पायजे," म्हणजे ना ढिला, ना ताणलेला, असं नव्या मुलींना सांगायच्या. गटाची प्रमुख मात्र मी, केवळ इंग्रजी येतं म्हणून. विणकामात मी त्यांच्या पासंगालाही पुरले नसते, पण तेव्हा हे कबूल कोण करणार?

२०१६ साली मुंबईच्या एका दुकानवाल्या बाईंनी बाळांच्या दुपट्यांचं काम देऊ केलं. इंटरनेटवरचा नमुना पाठवला. एक दुपटं करून दाखवायचं, पसंत पडलं तर वर्षभर काम. पहिलं दुपटं अर्थात जमुताईंकडे. मी वाचून सांगितलं : सगळीकडे डबल क्रोशे, म्हणजे मुका खांब, अगदी बुटका टाका. शाळेत एका विलायती पुस्तकावरून मी तसंच शिकले होते. जमुताईंनी फोटोवर सुई फिरवली आणि म्हणाल्या, हे खांब तर उंच दिसतात. मी म्हटलं, "ताई, इंग्रजी मला वाचता येतं की तुम्हाला?" त्यांनी सांगितलं तसं विणलं.

दुपटं पायपुसण्यासारखं कडक झालं आणि लांबीला निम्मं भरलं. दुपटं बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, असं कसं झालं? सगळ्यांदेखत मी म्हटलं, "यांचा हात फार घट्ट आहे." जमुताई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. काम गेलं. हळूहळू त्यांचं येणंही बंद झालं.

दोन वर्षांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघताना मला कळलं, की अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला उंच खांब; मुक्या खांबाला ते सिंगल म्हणतात. नाव एकच, टाका वेगळा. जुना कागद शोधून काढला. नमुना अमेरिकन पद्धतीचा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून नरपडला गेले, सगळं सांगून माफी मागायची असं ठरवून. आमची ती शेवटची भेट. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मी पोचले तेव्हा त्या ओटीवर विणत बसल्या होत्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. हातातलं काम माझ्या मांडीवर पसरलं. टाके ढिले, ओघळलेले, एक मोठा तर एक लहान. करंगळीला आता एकच वेढा होता.

"तुम्ही बोललात ना, तेव्हापासून रोज बसते," त्या म्हणाल्या. "लय कठीण गेलं बेन, जुनी सवय. आता बघा, सुटला का हात?"

सून चहा घेऊन आली होती, तीही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं, "आता बरा आहे."