पहिला घोट

माझ्या अंगात देवी आली तेव्हा लग्न होऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. त्या साली सपाटीवरच्या गावांतून देवी डोंगर चढत आली, पाड्यापाड्यांत बायामाणसं घुमू लागली. मला काही म्हणजे काही आठवत नाही. शुद्धीवर आले तर घसा सोललेला, आणि सासरा माझ्या पायाशी. मी म्हणे त्याचा हात धरून दारू सोडायची शपथ घ्यायला लावली होती. मी! ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, त्याला!

आता आमच्या घराचं काम काय, तर दसऱ्याला राजाच्या मोहाच्या दारूचा पहिला घोट घ्यायचा. घरातला थोरला, म्हणजे माझा सासरा, प्यायला की मगच राजा पिणार. त्या चाकरीवर आमची जमीन होती. घोट नाकारला तर अर्थ एकच, दारूत विष आहे आणि या घराला ते ठाऊक आहे.

दसऱ्याच्या सकाळी सासरा अंगणात माझ्यासमोर येऊन बसला. "माय, एका घोटापुरतं मोकळं कर. राजाचं अन्न खाल्लंय मी. पण तुझा शब्द मोडून पिणार नाही."

माझ्या अंगात तर तेव्हा देवी नव्हतीच. हात शेणाने भरलेले, चुलीवर भाकर करपत होती. वाटलं, घुमायचं सोंग करावं, 'पी' म्हणावं, सुटेल बिचारा. खरं सांगते, तेवढंच म्हणायचं होतं. मी केस सोडले, मान हलवली, तोंड उघडलं.

"पिऊ नको."

आवाज माझा नव्हता. जाडाभरडा, कुण्या म्हातारीचा. दारातलं कुत्रं भुंकलं नाही, मागे मागे सरकत गेलं. मी तोंडावर हात दाबला, तरी हाताखाली ओठ हलतच होते. कसली घाबरले होते मी!

सासरा उठला, फेटा बांधला आणि गेला. राजाने दिलेला दारूचा पानाचा दोना त्याने न पिता जमिनीवर ठेवला. ढोल थांबले. राजाने जीव घेतला नाही, पण दिवस मावळायच्या आत हद्दीबाहेर व्हा म्हणाला.

उतारावर मला राहवेना. "बाबा, मी सोंग करत होते. मला 'पी' म्हणायचं होतं."

"म्हणून तर कळलं, ती तू नव्हतीस," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावरची पाटी काढून घेतली. देवीने ओझं वाहू नये म्हणे.

मरेपर्यंत तो मला मायच म्हणत राहिला. असा राग यायचा! 'पोरी, कालवणात मीठ कमी पडलंय,' एवढं एकदा तरी त्याने ओरडून म्हणावं म्हणून मी मुद्दाम मीठ घालायची नाही. तो मुकाट्याने जेवायचा, हात जोडायचा.