मामांच्या उशाशी ठेवलेलं यंत्र

आधी माफी मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली. अशा घरातल्या माणसानं आपल्या आठवणी लोकांपुढे ठेवाव्यात, हे मला अजूनही आगाऊपणाचं वाटतं. शिवाय मी जे सांगणार आहे ते एका यंत्राबद्दल आहे. घराला श्रीमंती वास यावा म्हणून लावायचं यंत्र. त्यात लिहिण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी चांगलं उत्तर नाही.

माझे वडील सोलापूरकडे एका तेलगिरणीत हमाल होते. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास त्यांच्या कपड्यांना असे, अंथरुणाला असे, आणि चेन्नईला इंजिनिअरिंगला निघताना त्यांनी मला जी ट्रंक दिली तिलाही होता. हॉस्टेलवर मी ट्रंक उघडली की खोलीतली मुलं म्हणत, "चला, कॅन्टीन उघडलं." मीही हसायचो. नंतर नंतर मी कुणी नसतानाच ट्रंक उघडू लागलो.

तिसऱ्या वर्षी मला वेस्ट मांबलम भागात, कॉफीच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका घरी खोली मिळाली. नवरा-बायको दोघंच. मूळची तंजावरची मराठी माणसं. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. पहिले काही दिवस मला दोन वाक्यांतलं एक कळायचं. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. भाडं नावापुरतं, त्याबदल्यात सकाळ-संध्याकाळ मी त्यांना इंग्रजी पेपर वाचून दाखवायचा.

माझं इंग्रजी वाचन कच्चं होतं. मामा मध्येच थांबवत. "तंबी, तो शब्द पुन्हा म्हण." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, तिकडे कुठल्याही पोरग्याला म्हणतात. मी पुन्हा म्हणायचो. "अंहं. पुन्हा." बरोबर आला की ते काही बोलत नसत, नुसतं पुढे वाच अशी खूण करत. मला कॉलेजात जितकं इंग्रजी आलं त्याहून जास्त त्या खुर्चीशेजारी आलं.

मामा घरात काठी वापरत नसत. वासावर चालत. स्वयंपाकघराला कॉफीच्या डिकॉक्शनचा वास, देवघराला कापराचा, कपाटाला डांबरगोळ्यांचा, मागच्या गॅलरीला कपड्यांच्या साबणाचा. शुक्रवारी मामी निखाऱ्यावर ऊद टाकून घरभर फिरवत. तिकडे त्याला सांब्राणी म्हणतात. तो धूर नाकाशी आला की मामा म्हणत, "झाला म्हणायचा आणखी एक आठवडा." वार त्यांना कधी विचारावा लागत नसे.

माझं शेवटचं वर्ष सुरू झालं त्या सुमाराला, दोन हजार सात-आठची गोष्ट, त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं एका मित्राबरोबर ते यंत्र पाठवलं. पांढरं, गुळगुळीत, छोट्या कळशीएवढं. त्यात पाणी घालायचं, वरून तेलाचे थेंब टाकायचे, बटण दाबलं की थंड धुकं बाहेर येई आणि बुडाशी निळा दिवा लागे. माहितीपत्रक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पेटीवर लिहिलं होतं की या सुगंधानं तुमचं घर एखाद्या पंचतारांकित हॉटेलच्या दालनासारखं होईल.

मुलानं फोनवर मामींना दोन गोष्टी सांगितल्या. यंत्र सारखं चालू ठेवायचं, आणि घरात आता धूर करायचा नाही, भिंती काळ्या होतात, यंत्रही खराब होतं.

यंत्र हॉलमध्ये ठेवायचं असतं. पण मामींना ते पटेना. "एवढी भारी वस्तू बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी? घरात मोठं कोण?" त्यांनी यंत्राला कुंकवाचं बोट लावलं, वर मोगऱ्याची दोन फुलं ठेवली आणि ते मामांच्या उशाशी नेऊन ठेवलं. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडे पहिला पंखा आला तेव्हा तो आजोबांच्याच खाटेवर लावला होता. बटण मीच दाबलं.

वास खरंच सुंदर होता. पांढरी फुलं, नवं लाकूड, आणि त्यामागे काहीतरी गार. दोन-तीन दिवसांत तो छोट्या घरात सगळीकडे पसरला. कॉफीचा डबा उघडला तरी तोच वास. माझे शर्ट मी मामांच्या खोलीतल्या खुंटीला टांगू लागलो. मामींना म्हटलं, माझ्या खोलीत ओल आहे. खरं तर तसं काही नव्हतं. वर्गात बाजूचा मुलगा म्हणाला, "काय रे, सेंट मारतोस?" मी नाही म्हटलं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा शेवटचा बाक सोडून मधल्या बाकावर बसलो.

पंधरा दिवसांनी मामा देवघराच्या दारावर आदळले. मग एकदा न्हाणीघराऐवजी माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. आणि एका सकाळी मामी भाजी चिरत असताना त्यांनी विचारलं, "अगं, किती दिवस ठेवणार आहेत आपल्याला इथं?"

"कुठं?"

"या हॉटेलात."

"अय्यो, हॉटेल!" मामी म्हणाल्या. "बरं हॉटेल सापडलंय तुम्हाला. बायकोच येऊन पडवळ चिरते, बायकोच भांडी घासते."

मामा हसले नाहीत. "घरी कधी जायचं ते सांग," म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशीही वेगळं बोलू लागले. मी पेपर वाचला की इंग्रजीत 'थँक यू' म्हणायचे. शब्द चुकला तरी थांबवायचे नाहीत. मामींना एकदा म्हणाले, "इथला पोरगा चांगला आहे. वाचतो बिचारा." डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं. मामींनी मुलाला फोनवर सगळं सांगितलं.

मुलाच्या बायकोला दिवस गेले होते आणि तो मामींना बाळंतपणासाठी तिकडे न्यायला येणार होता. आधी ठरलं होतं की मामा घरीच राहतील, दिवसभर एक माणूस ठेवायचा आणि संध्याकाळनंतर मी. आता तो म्हणाला, अप्पांचं डोकं असं झालं असेल तर घरी ठेवता येणार नाही. चेन्नईबाहेर समुद्रकाठच्या कोवलमजवळ वृद्धांसाठी एक जागा आहे, मी येऊन बघतो आणि ठरवतो.

तो यायच्या चार दिवस आधी दुपारी वीज गेली. पंखा बंद झाला, यंत्र बंद झालं. मामींनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी घाम पुसत पेपर वाचत होतो. तासाभरानं मामांनी हात वर केला.

"तंबी, तो शब्द पुन्हा म्हण."

मी म्हटला.

"अंहं." मग त्यांनी मान थोडी वळवली. "खाली कॉफी भाजतायत. आज वार कोणता? हिनं सांब्राणी का नाही लावली?"

ते उठले आणि कुठेही न अडखळता स्वयंपाकघरात गेले. मामींच्या मागे उभे राहून म्हणाले, "चार वाजले ना? कॉफी दे." मामींनी दिली. ते ओट्याशी उभे राहून प्याले. मी दारातून बघत होतो. मग वीज आली. आतून यंत्राची बारीक घरघर ऐकू आली. संध्याकाळी दिवे लागल्यावर मामांनी मला विचारलं, "जिना कुठल्या बाजूला आहे हो?"

मी मामींना सांगितलं. नीट सांगता आलं नाही. म्हटलं, मामी, मला वाटतं तो वास... तो बंद केला तर कदाचित...

मामी थकलेल्या होत्या. "चार दिवसांत येतोय तो. बंद दिसलं तर म्हणेल, आईला माझं काही आवडतच नाही." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस बाळा, पण डॉक्टर नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. त्यांच्या मागे खुंटीला माझा पांढरा शर्ट टांगलेला होता. सोमवारी कॅम्पस इंटरव्ह्यू होता. यंत्र बंद करायचं तर नुसतं बटण दाबायचं होतं, आणि ते कुठं असतं हे घरात मला एकट्यालाच नीट माहीत होतं. पुढचे तीन दिवस पाणी संपलं की मीच भरत होतो.

मुलगा आला. उंच, सभ्य, हळू बोलणारा. आल्या आल्या तो मामांच्या खाटेशी गेला आणि त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. मामा उठून बसले. "आपण मॅनेजर का?" त्यांनी विचारलं. "मला घरी जायचं आहे. कृपा करून गाडी मागवा."

मुलगा यंत्रातून येणाऱ्या धुक्याकडे बघत राहिला. मग मला गॅलरीत घेऊन गेला.

"तुम्ही रोज अप्पांबरोबर असता. कधीपासून हे?"

"दीडेक महिना."

"कशामुळे, काय वाटतं तुम्हाला?"

मला शब्द आठवतात. मनात ते तयार होते, मराठीत आणि इंग्रजीतही. त्यानं महागाचा सुती शर्ट घातला होता आणि त्यालाही तोच वास येत होता, यंत्राचा, किंवा तो तिकडचाच असेल. मी म्हटलं, "वय झालंय ना."

त्यानं मान हलवली.

रविवारी मामांना कोवलमला नेलं. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. "सामान सगळं घेतलं ना?" म्हणाले. मला वाटतं त्यांना वाटत होतं की घरी चाललोय. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला 'थँक यू' म्हणाले.

सोमवारी मी तो शर्ट घालून इंटरव्ह्यूला गेलो. माझी निवड झाली. वडिलांना शेजारच्या फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आता गिरणीत नको ना यायला तुला?" मी म्हटलं, नको.

घराला कुलूप लागलं, मी मित्राच्या खोलीवर गेलो. पुढच्या वर्षी चेन्नईजवळच श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात लागलो. कंपनीची बस, पाळी, जेवण, झोप. कोवलमला दोन बस बदलून जाता आलं असतं. मी गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचो. मला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही. काहीच वाटायचं नाही. कारखान्यात रंगकामाच्या विभागात होतो, तिथं नाक तसंही मरतं.

वर्षावर झालं असेल. कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो तेव्हा मोबाइल वाजला. माझा नंबर बदललेला. मामींनी तो कॉलेजच्या कचेरीतून मिळवला होता.

"बाळा, मामा गेले रे," त्या म्हणाल्या. "वर्ष व्हायला आलं. मी तिकडून परत पोचायच्या आठ दिवस आधी."

मी काहीतरी म्हटलं. बस आली, पुढची माणसं चढू लागली.

"तिथली बाई सांगत होती," मामी म्हणाल्या, "पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, बाहेर मासळी वाळत घातलीय, म्हणजे हे कोवलम. माझं घर वेस्ट मांबलमला आहे, मला तिकडे पोचवा. रोज सांगायचे. पत्ता, मजला, दार कुठल्या बाजूला ते सगळं. बाईला वाटलं, सगळेच म्हातारे असं म्हणतात. डोकं अगदी जाग्यावर होतं रे त्यांचं. शेवटच्या दिवसापर्यंत. तिथं पेपर वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, तर म्हणायचे, आमच्या घरी एक तंबी आहे, त्याला बोलवा."