भरू न दिलेली घागर

"मोठी माय गई, बेटा," वडील फोनवर एवढंच म्हणाले. महिना उलटला, तरी कानात तेच आहे... मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. सारंगखेड्याच्या घरात तिच्या नवऱ्याचा हवाई दलाच्या गणवेशातला फोटो आहे. त्या फोटोला तिनं कधी कोणाला हार घालू दिला नाही.

तिचा नवरा, म्हणजे आमचे मोठे बाबा, बॉम्बफेकी विमानात नॅव्हिगेटर होते. वैमानिक विमान चालवायचा आणि हे नकाशे, घड्याळ बघून त्याला वाट सांगायचे. तापीकाठचं पोरगं आभाळात वाटा शोधतं, याचं गावाला भारी कौतुक. रजेवर आले की मोठी माय चिडवायची, "नंदुरबारना बाजारमा तुमले मिरचीनी गल्ली सापडस नही, अन् इमानले वाट दखाडतस!" ते नुसते हसायचे, असं वडील सांगतात. पुढे एकाहत्तरच्या लढाईत सीमेपलीकडे गेलेलं त्यांचं विमान परतलंच नाही. 'बेपत्ता' अशी तार आली, तेव्हा लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर खरबूज अन् सांजोऱ्या ठेवतात. घागर भरली की माणूस गेला हे घरानं मानलं. आजी दर आखाजीला रडायची, "मन्हा पोऱ्या पानीबिगर ऱ्हायना व्हई..." मोठी माय मात्र ऐकायची नाही. म्हणायची, "जो दुसरास्ले वाट दखाडस, तो घरनी वाट कसा भुली जाई?" मग दोघी डोळे पुसून एकाच ताटात जेवायला बसायच्या. आजी तशीच गेली, मनात पोराची तहान घेऊन. दोघींतलं चूक कोणाला म्हणायचं?

हळदीकुंकवाला एखादीचा हात अडखळला, तर मोठी माय स्वतःच कपाळ पुढे करायची. "लाव ना व माय, हात का बरं थांबना?" ती गेली तेव्हा साडी कुठल्या रंगाची नेसवायची, यावर बायका कुजबुजल्या. वडील बाहेरूनच म्हणाले, "हिरवीच आणा."

परवाच्या आखाजीला मी माहेरी होते. वडिलांनी कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. आपल्या आईची इच्छा आता तरी पुरी करू, दादाला पाणी मिळू दे, म्हणाले. वहिनीची, म्हणजे मोठ्या मायची, घागर त्यांनी भरली. दुसरीसाठी तांब्या उचलला आणि हात तसाच राहिला. मग तांब्या खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे," शेवटी म्हणाले. "वहिनी व्हती तवलोंग माले वाट देखानं काम पडनं नही. आते मी देखसू."

ती कोरडी घागर देवघराशेजारी ठेवली आहे. वडील थकलेत. त्यांच्यामागे ती भरायची की नाही, हे मला ठरवावं लागेल... आणि ती भरणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.