विंचवाचा रस्सा

माझे दीर चटईचं मशीन बघायला चीनला गेले आणि वैद्य होऊन परत आले. आठवडाभरात एवढं शिक्षण आमच्या जळगावात कुठेच मिळत नाही.

सासरे, म्हणजे नाना, तेव्हा आमच्याकडे मेहरूण भागात होते. सासूबाई गेल्यावर ते धुळ्याकडच्या गावी एकटेच राहायचे. ओट्यावरून पडले, कंबर दुखावली, म्हणून आम्ही त्यांना घेऊन आलो. कंबर सुधारत होती, पण जेवण सुटलं होतं. ताट समोर ठेवलं की म्हणायचे, "भूक नही."

"नानांना मेंढीचा विंचू देऊ," दीर म्हणाले.

मेंढीच्या अख्ख्या कण्याला चीनमध्ये विंचू म्हणतात, कारण तो तसाच दिसतो. एक राजा शिकारीहून परतला, मागच्या अंगणातून वास आला, बघतो तर आचारी नोकरांसाठी कणा शिजवतोय. राजाने चाखला, खूश झाला, नाव ठेवलं विंचू. आता थंडीत ऊब, हाडांना कॅल्शियम, कंबरेला बळ, सगळं त्यातच. कंबर दुखली तर कंबर खायची, असं ते शास्त्र. डोकं दुखलं तर काय, हे मी विचारलं नाही. भाऊजींकडे त्याचंही उत्तर असणार.

रविवारी त्यांनी खाटकाकडून कणा आणला. त्याचे मोठे तुकडे आलं, चक्रीफूल आणि चीनहून आणलेल्या कसल्याशा काळ्या सॉसात दुपारपर्यंत शिजले. भांडी अर्थातच मी घासायची होती. मग त्यांनी नानांसमोर वाडगा, प्लास्टिकचे हातमोजे आणि एक स्ट्रॉ ठेवली. स्ट्रॉ मणक्यातला गर ओढायला.

नानांनी हातमोजे उचलून बघितले. "माले काय ऑपरेशन करानं शे का?"

मला हसू आवरेना. दीर गंभीरपणे राजाची गोष्ट सांगू लागले. नानांनी ती ऐकून घेतली, स्ट्रॉ बाजूला ठेवली, एक तुकडा हातात घेतला आणि चोखला. मग दुसरा.

"काळा मसाला नही का?" त्यांनी विचारलं.

मी मसाला गरम करून रश्शात घातला. दिरांचा चेहरा पडला. चीनची परंपरा आमच्या गॅसवर दोन मिनिटांत संपली. नाना भाकरी कुस्करून जेवले. हाड ताटावर आपटून गर काढला आणि म्हणाले, "तुनी सासूले हाऊ गर भलता आवडे. मीच काढी देत व्हतू." सासूबाई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच त्यांचा विषय काढला होता. तो गर त्यांनी माझ्या ताटात ठेवला. मला गर मुळीच आवडत नाही. मी खाल्ला.

त्यानंतर ते रोज जेवू लागले. डॉक्टरांना मी रश्शाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कॅल्शियम त्यातून फारसं मिळत नाही. पण जेवतायत ना? चालू द्या."

व्यायाम करून घेणाऱ्या बाई दिवसाआड यायच्या. त्यांनी नानांना काठी धरून मेहरूण तलावापर्यंत चालायला लावलं. दीर मात्र चाळीसगावच्या मावशींना फोनवर सांगत होते, "विंचवाने उभं केलं त्यांना." मावशींचे गुडघे दुखतात. पुढच्या रविवारी त्या मुक्कामाला येतायत आणि कणा मोठा आण, असा त्यांचा निरोप माझ्यासाठी आहे.