गटाराचे तीन खड्डे

साठ सालानंतरची गोष्ट. मी आमच्या गावच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होतो आणि मला अभिमान होता तो गटाराचा. घरचे नाक मुरडत, मित्र थट्टा करत, मी ऐकून घेत असे. तोवर गावाचं सगळं सांडपाणी थेट नदीत जाई, आणि खालच्या अंगाच्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात त्याच नदीच्या वाळूत झिरे खणून प्यायचं पाणी भरत. गावात नळ आला होता. वस्तीत नव्हता.

म्हणून मी भांडून भांडून नदीच्या अलीकडे दगडी बांधणीचे तीन खड्डे करून घेतले. पहिल्यात गाळ खाली बसायचा, दुसऱ्यात पाणी उन्हात हिरवं होऊन निवळायचं, तिसऱ्यातून बरंचसं साफ होऊन नदीला मिळायचं. साचलेला गाळ उपसायचा, वाळवायचा आणि केळीवाल्या शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचा, एवढंच काम.

दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एका म्हातारीने मला झिऱ्यापाशी थांबवलं. तिचे दोन नातू जुलाबाने गेले होते, हे मला ठाऊक होतं. उरलेली नात तिच्या पदराला धरून उभी होती. म्हातारीने वाटीवाटीने तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी दखा साहेब," ती म्हणाली. "हाई पानी तुम्हनं शे."

मी सगळा तांब्या प्यालो. हे पाणी तुमचं आहे, असं कौतुक माझं कधी कोणी केलं नव्हतं.

मग कोणीतरी वर कळवलं की आमचं काम पाहण्यासारखं आहे. मोठे साहेब नंदुरबारला गाडीतून उतरून आमच्याकडे येणार असं ठरलं, आणि नगराध्यक्षांची झोप उडाली. खड्डे पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. पाहुण्यांना काय ही घाण दाखवायची? खड्डे रिकामे करा, धुवा, चुना मारा, असा हुकूम झाला. गाळ उपसून वाळायला पंधरा दिवस लागतात, असं मी सांगितलं. हातात चार होते. नदी समोरच आहे ना, ते म्हणाले.

मी वाद घातला. खोटं कशाला बोलू, फार वेळ नाही घातला. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. खड्ड्यांचा नदीकडचा बांध माझ्या देखरेखीखाली फोडला आणि साचलेला सगळा काळा गाळ एका दुपारी नदीत गेला. घाण अडवायची जागा देखणी दिसावी म्हणून आम्ही घाणच नदीला दिली. असली अक्कल आमच्याच गावाला सुचते, आणि ती अमलात आणायला माझ्यासारखा शिकलेला माणूस लागतो.

समारंभ छान झाला. पांढरेशुभ्र खड्डे पाहून साहेब खूश झाले. त्यांत पाणी का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. गटार त्या दिवशी बाजूने थेट नदीत सोडलेलं होतं. मला हार मिळाला, पुढे बढतीही मिळाली.

आठ दिवस मी नदीकडे फिरकलो नाही. मग लाज वाटून गेलो. वाळू काळी पडली होती, वास येत होता. म्हातारी झिऱ्यापाशी एकटीच होती. नात घरी पडून आहे, कालपासून पोटात काही ठरत नाही, असं तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. वाटीवाटीने तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी ल्या साहेब. हाई बी तुम्हनंच शे."

तांब्या मी हातात घेतला. तोंडाला लावायची हिंमत झाली नाही. मग तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला, पाणी घागरीत ओतलं आणि घागर डोक्यावर घेऊन घराकडे निघाली.