काकींनी राखलेली जागा

माझी भट्टी आज पेटती आहे ती काकींमुळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्या तुम्हाला मला शिव्या देतानाच दिसतील आणि तुमचा गैरसमज होईल.

काकी बोलायच्या आधी हातातला लांब चिमटा वाजवायच्या. कट्, कट्. तो आवाज आला की गल्लीतली माणसं ओळखायची, आता कुणाचा तरी उद्धार होणार. बहुतेक वेळा माझाच व्हायचा. "उजेड पाडलास!" हे त्यांचं नेहमीचं. सोनं वितळवायची मूस फुटली तरी उजेड पाडलास, चहा सांडला तरी उजेड पाडलास. मला मुलगी झाली तेव्हा पेढा तोंडात टाकतानाही तेच म्हणाल्या. फक्त त्या वेळी चिमटा वाजवला नाही.

ही गल्ली तामिळनाडूतली. आमच्या सांगलीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तुमच्याही ओळखीत एखादा असेल. लांबच्या गावात, सोनारांच्या गल्लीत बसायचं आणि जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. मी आठवीतून शाळा सोडून असाच आलो. काकींचं गलाईचं दुकान माझ्या समोर होतं. नवरा गेला तेव्हा दिरांनी त्यांना गावी बोलावलं होतं. "बाईमाणसानं तेजाबात हात घालायचा का?" म्हणाले. काकींनी दिलेलं उत्तर इथं लिहिता येणार नाही. त्या नवऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि तिथंच राहिल्या.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. सोनार आपलं सोनं आमच्याकडं टाकून जात नाही. मूस लाल होते, सोनं ओतलं जातं, थंड होतं, तोवर तो समोरच्या बाकड्यावर बसून राहतो. नजर हलवत नाही. म्हणून भट्टी त्याच्या दुकानाच्या हाकेवर लागते. आणि ती बंद दिसायला लागली की तो दुसऱ्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो, मग परत येत नाही. गल्लीतली जागा गेली की गलाईवाला संपला.

एवढं ठाऊक असून आम्ही जे केलं, ते आमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं.

गावाकडं आमच्या तालुक्याच्या शहरात एक विकास समिती निघाली. शहराचं नाव सांगत नाही, माझी सासुरवाडी तिथलीच आहे. जत्रेला आम्ही परगावचे सगळे गलाईवाले गावी येतो, ते साधून समितीनं मेळावा घेतला. फेटे बांधले, शाली दिल्या. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "कुपवाडला कारखाने आहेत, फलटणला साखर आहे. आपल्याकडं काय आहे? तुम्ही आहात! परत या!" शहराबाहेरच्या माळावर गलाईवाल्यांची वसाहत होणार होती. ओळीनं शेड, वीज, डांबरी रस्ता, वर कमान. माळ अध्यक्षांच्या मेव्हण्याचा होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त आईचा आणि मुलीच्या मराठी शाळेचा विचार करत होतो. डोळे पुशीत नाव देऊन आलो.

परत येऊन काकींना सांगितलं, "मी गावी चाललो, काकी. कायमचा."

कट्, कट्. "कुनी मेलं का?"

"आवं न्हाई. वसाहत होतीया. आपल्याच शहरात."

"आन् ही जागा?"

"सोडतो. मालकाला आज सांगतो."

"आज त्याला ताप हाय. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मालक परगावी गेलाय. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. मग चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "जा तू, फेटा बांधून मिरव जा. मालकाला मी सांगते. तू सांगाया गेलास तर त्याच्याम्होरं रडशील."

मी किल्ली त्यांच्यापुढं टाकली आणि निघालो. बसपर्यंत कुणी आलं नाही. रागानं मी मागं वळूनही पाहिलं नाही.

माळावर उद्घाटन झोकात झालं. आम्ही सगळ्यांनी भट्ट्या पेटवल्या, एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. इतकी माणसं गलाईवाली, पण सोनं आणणार कोण, हे कुणीच विचारलं नव्हतं. समितीनं तर नाहीच, आम्हीही नाही. शहरातले सोनार पेठेत होते. एकजण तोंडावर म्हणाला, "खिशात सोनं घालून एकट्यानं त्या माळावर येऊ व्हय? वाटंत कुनी गाठलं मंजे?" त्याचं काय चुकलं?

शेजारच्या शेडमधल्या कुंडल गावच्या गड्यानं तर भट्टीला सवय राहावी म्हणून स्वतःची अंगठी वितळवली आणि पुन्हा ओतून घातली. आधी सगळे हसलो. मग कुणी हसेना. अध्यक्षांकडं गेलो की म्हणायचे, "कळ काढा. शहराचं नाव होतंय." नाव व्हायचं ते असं, की मुंबईचे पाहुणे येणार असले की निरोप यायचा, भट्ट्या पेटवून बसा. फोटो निघायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मावळे झालो होतो आम्ही. मांडणारे निवांत घरी, आणि आम्ही धुरळा खात उभे.

अशात काकींचा फोन आला.

"उजेड पाडलास का?"

"चाललंय, काकी."

"बाकड्यावर सोनार किती बसत्यात?"

"परवा मुंबईचे पाहुणे आलते."

"मला वाटलंच. ये माघारी."

"कुठं येऊ? जागा सोडली न्हवं का?"

"कुनी सोडली?"

काकींनी मालकाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. रोज सकाळी माझं शटर उघडून, माझी भट्टी पेटवून बसत होत्या. इकडचं सोनं ओतून झालं की गल्ली ओलांडून आपल्या भट्टीवर, परत इकडं. भाडंही त्याच कामातून जात होतं. सोनारांना सांगितलेलं, पोरगा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलाय, येईल.

"एवढे महिने? त्यांना पटलं?"

"एक डोळा झाला, दुसरा निघाला. काय करणार, तुजी आय लय म्हातारी हाय."

मी परत गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या सोनारानं बाकड्यावर बसायच्या आधी आईची चौकशी केली आणि तिच्यासाठी डोळ्यांत घालायचं तेल दिलं. मला त्याच्याकडं बघवेना. काकींच्या पाया पडायला वाकलो तर चिमटा आडवा घातला. "आदी तुजा तो भट्टीचा पंखा बघ. त्याचा पट्टा चढवून चढवून माजी कंबर मोडली."

दोन भट्ट्यांचा धूर त्यांनी तेवढे महिने अंगावर घेतला. खोकला आधीपासून होता, पण नंतर तो थांबेना. त्याबद्दल विचारलं की मलाच ओरडायच्या. शेवटी त्यांची लेक आली आणि त्यांना फलटणला घेऊन गेली. जाताना त्यांनी गल्लीतल्या कुणाचा निरोप घेतला नाही. समोरच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. रंगीत आहेत, गिऱ्हाईकही बरं असतं. मी शक्यतो तिकडं पाठ करून बसतो.

त्या समितीनं मागं मला पुन्हा बोलावणं धाडलं. परगावी यशस्वी झालेला भूमिपुत्र म्हणून सत्कार करणार होते. काकींना फोनवर सांगितलं तर इतक्या हसल्या की लेकीनं फोन काढून घेतला. मी गेलो नाही.

त्याच्या आधी एकदा त्यांना "तुमचे उपकार" एवढंच म्हणालो होतो. खोकत खोकत ओरडल्या, "परत उपकार म्हनलास तर फोन उचलनार न्हाई." तेव्हापासून म्हणत नाही. आईचं विचारतात, मुलीचं विचारतात, आणि मग एकदम, "बाकड्यावर कोन हाय आता? मग त्याच्याकडं ध्यान दे, ठेव फोन."

पण फेडणार आहे, काकी. कसं, ते अजून सुचलेलं नाही. तुम्हाला कळेल अशा रीतीनं मात्र फेडणार नाही, नाहीतर तुम्ही ते फलटणहून परत पाठवाल.